लेगोचे पिवळे ठोकळे पुन्हा पांढरे करताना

लेगोचे जुने पांढरे ठोकळे पिवळे पडले म्हणून टाकून देऊ नका. तो मळ नसतो. ठोकळे ज्याचे बनतात त्या एबीएस प्लॅस्टिकचा रंग ऊन-हवेने बदलतो, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. ठोकळे साबणाने धुऊन काचेच्या बरणीत, केमिस्टकडच्या 3 ते 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवा आणि बरणी उन्हात ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. बुडबुड्यांमुळे ठोकळे वर येतात, म्हणून अधूनमधून ढवळा, नाहीतर रंग एकसारखा निघत नाही. हातमोजे हवेतच, मुलं लांब. स्टिकरचे आणि मोटरचे भाग यात मुळीच घालू नका. काही तासांत फरक दिसतो. नंतर उन्हाच्या खिडकीत मांडलेत तर पिवळेपणा लवकर परत येईल.