जत्रेच्या नाटकात सोंगाड्याचं काम करताना

यंदा जत्रेच्या नाटकात विनोदी काम गळ्यात पडलं असेल, तर आधी एक ठरवा: स्वतः हसायचं नाही. आमच्या तासगावकडच्या पोरांना हेच जड जातं. वाक्य ओठावर यायच्या आधीच दात बाहेर. मग लोकांना वाटतं, यानंच हसून घेतलं, आता आम्ही कशाला हसू?

मूकपटातला विनोदी नट बस्टर कीटन, त्यानं हे लहानपणीच हेरलं होतं. अमेरिकेत आईबापाबरोबर तो स्टेजवर कामं करायचा, बाप त्याला उचलून फेकायचा. आपण हसलो की पब्लिक कमी हसतं, हे ध्यानात आल्यावर त्यानं चेहरा कोराच ठेवला. १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर येते आणि खिडकीच्या भोकातून तो सुखरूप राहतो. मोबाईलवर बघाच, पण भिंतीपेक्षा त्याचे पाय बघा. धडपडायचं काम असेल तर तालमीतच स्टेजवर खडूनं जागा आखून घ्या.

सोंगाड्याच्या आधी सरदार, म्हणजे त्याला प्रश्न विचारणारा गंभीर गडी, पक्का करा. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी सवाल-जवाबात, खरा भार सरदारावर असतो, आणि गावात ते काम कुणालाच नको असतं. नमुना घ्या:

'नाव काय रं तुझं?'
'कुठल्या कागदावरचं?'
'म्हंजे?'
'आधारवर येगळं, सातबाऱ्यावर येगळं.'
'आरं, बायको हाक मारती ते सांग!'
'ते चारचौघात सांगण्यासारखं न्हाई.'

यातलं 'कुठल्या कागदावरचं' हे टोमणा मारल्यासारखं म्हटलं की मेलं. त्याला खरंच अडचण पडलीय, तलाठ्यापुढं उभा असल्यासारखी. सरदारानं दर उत्तराला थोडं जास्त चिडायचं, एकदम नाही. शेवटच्या उत्तराला सोंगाड्यानं आधी बायकांच्या बाजूला एक नजर टाकायची, मग आवाज खाली आणायचा. हशा आला की दोघांनीही गप्प राहायचं. मैदानात मागच्या लोकांचा हशा जरा उशिरा येतो, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर पुन्हा पहिल्यापासून ओढावं लागतं.

तमाशातले कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. 'जहरी प्याला' वगातले त्यांचे ते दोन हवालदार आमच्या भागात अजून बोलण्यात निघतात. एकसारखे दोन चेहरे, निम्मं काम तिथंच झालेलं. तुमच्याकडं जुळे नसतील तर उलटं करा, एक उंच आणि एक बुटका घ्या.

द्वयर्थी वाक्यं घ्यावीत का, हे पोरं हमखास विचारतात. घ्या, पण दुसरा अर्थ बोलणाऱ्याच्या गावीही नाही असं दिसलं पाहिजे. दादा कोंडक्यांची लोंबती नाडी सगळे उचलतात, चेहऱ्यावरचा भाबडेपणा कुणी उचलत नाही. डोळा मारलात की ते वाक्य अश्लील झालंच.

धंद्याचंही सांगतो. सातारा जिल्ह्यातले नट राजा गोसावी त्यांचाच सिनेमा 'लाखाची गोष्ट' लागला तेव्हा पुण्याच्या भानुविलास टॉकीजवर स्वतःच तिकिटं विकत होते, म्हणून खुर्च्या मांडायला लाजू नका. दुसऱ्या गावची सुपारी असेल तर निम्मा इसार आधी घ्या. खेळ संपल्यावर कमिटीतला एकही माणूस जागेवर सापडत नाही.