जर्मनीतून घरी निघताना फ्रँकफर्टची ट्रेन कशी ठरवायची

कोलोन, श्टुटगार्ट, म्युनिक कुठेही राहात असाल आणि मुंबईचं विमान फ्रँकफर्टहून असेल तर विमानाच्या वेळेपासून उलटं मोजत या. मी चार तास आधी एअरपोर्टला पोचवणारी ट्रेन धरते, आणि ती रद्द झाली तरी तिच्या मागची पकडून चेक-इन बंद व्हायच्या आत पोचता येईल ना हे बघतेच. कारण २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर धरतच नाहीत!

स्टेशनचं नाव नीट वाचा. हाउप्टबानहोफ म्हणजे मुख्य स्टेशन, ते शहरात आहे; आपल्याला हवं फ्लुगहाफेन फर्नबानहोफ, म्हणजे एअरपोर्टचं लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन, ते टर्मिनल १ ला जोडलेलंय.

शक्यतो थेट गाडी घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण दोन जड बॅगा घेऊन आठ मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलायचा आणि लिफ्ट बंद, हे मी केलंय, अक्षरशः रडू आलं होतं.

तिकिटाचं म्हणाल तर विमान कंपनीकडे रेल अँड फ्लाय, म्हणजे विमानाच्या तिकिटाबरोबर मिळणारं ट्रेनचं तिकीट, आहे का आधी विचारा, त्यात ठराविक गाडीचं बंधन नसतं. स्वस्तातलं तिकीट त्याच गाडीला चालतं, वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तरच दुसरी गाडी घेता येते. डॉइचलांडटिकेट, म्हणजे लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा महिन्याचा पास, आयसीईत म्हणजे लांब पल्ल्याच्या जलद गाडीत चालत नाही.

सकाळचं विमान असेल तर सरळ आदल्या रात्रीच जा.