लाइट बिलाच्या मागे घरचा कार्बन कसा मांडायचा

ग्लोबल वॉर्मिंग म्हटलं की आपण कारखान्यांकडे बोट दाखवून मोकळे, म्हटलं एकदा घरचाच हिशोब करू. पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर एवढंच लागतं.

लाइट बिल काढा. पैशाचा आकडा सोडा, युनिट बघा, मागच्या महिन्यांचा वापर पण बिलावरच छापलेला असतो त्याची सरासरी घ्या, नुसता मे महिना धरलात तर धडकी भरेल. युनिट गुणिले ०.७, साधारण तेवढे किलो कार्बन डायऑक्साइड. वीज अजून मुख्यतः कोळशाचीच, त्यामुळे धूर निघतो चंद्रपूर-कोराडीला आणि इथे बटण दाबताना काहीच दिसत नाही. आमचे १५० युनिट, म्हणजे १०५ किलो.

मग सिलिंडर. १४.२ किलो गॅस, किलोमागे ३ धरा, ४२ च्या आसपास. आमच्याकडे दीड महिना पुरतो, सो महिन्याला २८. स्कूटरचं पेट्रोल लिटरला २.३, १२ लिटर म्हणजे परत २८च. (पाऊण किलोच्या पेट्रोलमधून सव्वादोन किलो कसं काय, हे घरात लगेच विचारलं गेलं. जळताना कार्बन हवेतला ऑक्सिजन उचलतो, वाढीव वजन त्याचं.)

बेरीज १६१, त्यात निम्म्याहून जास्त वीज! मी उगाच स्कूटरवरून पोराला बोलत होतो, आणि स्वतः २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालू ठेवायचो, तोच एक युनिट खातो.

यातलं साधारण निम्मं झाडं, माती आणि समुद्र ओढून घेतात, उरलेलं हवेत साचतं. हवाईत मौना लोआ या डोंगरावर १९५८ ला मोजायला लागले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर.

एसी असेल तर वेगळी ओळ लिहा. दरवर्षी "गॅस कमी झालाय, टॉपअप मारू" म्हणतात ना, तो गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो गळतो. आर-३२ या एसीतल्या गॅसचा एक किलो हवेत गेला तर १०० वर्षांच्या हिशोबाने पावणेसातशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, म्हणजे आमचे चार महिने एका झटक्यात. म्हणून भरायच्या आधी साबणाचा फेस लावून जॉइंट चेक करायला लावा. आणि एसी काढताना पाइप सोडून फुस्स करत असतील तर थांबवा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगा, "पंप डाउन करा" म्हटलं की त्यांना बरोबर कळतं.