पोराची उंची अडकलीये का? आधी भिंतीवर पेन्सिल मारा

आमच्या पोराची शाळेची पँट सलग दोन वर्षं चालली आणि मी आपली खूश, की चला पैसे वाचले. तिथेच खटकायला हवं होतं खरं तर. घरात सगळे म्हणायचे "उशिरा वाढेल, बाप पण असाच होता", आणि ते खोटंच असतं असं नाही, काही पोरं खरंच उशिरा वयात येतात आणि मग सटासट वाढतात. पण कधी कधी शरीरात ग्रोथ हार्मोन (वाढीचं हार्मोन) कमी असतं म्हणूनही उंची अडकते, आमच्याकडे तेच निघालं. म्हणून ते मापून ठरवायचं, अंदाजाने नाही.

माप असं घ्या. चप्पल काढून, टाचा, कुल्ले, पाठ भिंतीला टेकवून उभं करायचं, मुलीची वेणी-पोनी सोडायची, नजर समोर, डोक्यावर जाड पुस्तक आडवं ठेवून भिंतीवर खूण. सकाळीच घ्या, संध्याकाळपर्यंत उंची थोडी दबते. सहा महिन्यांनी परत तसंच. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५-६ सेंमी वाढतं, ४ च्या खाली गेलं तर डॉक्टरांकडे जाच. वर्गात सगळ्यात बुटकं आहे की नाही यापेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

आईबापाची उंची पण धरा. मुलगा असेल तर दोघांची बेरीज अधिक १३, मुलगी असेल तर उणे १३, मग भागिले २. बाबा १७०, आई १५३, तर मुलगा १६८ च्या आसपास, मुलगी १५५. साताठ सेंमी इकडे तिकडे चालतं.

आता हे ग्रोथ हार्मोन करतं काय? मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती ग्रोथ हार्मोन थांबून थांबून सोडते, सगळ्यात मोठा लोंढा रात्री गाढ झोपेत. ते लिव्हरला जातं, तिथे आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन तयार होतं आणि दोघं मिळून हाडांच्या टोकाची कूर्चा वाढवतात. म्हणून दुपारी रक्त काढलं आणि ग्रोथ हार्मोन शून्याजवळ आलं तरी त्याला अर्थ नाही, पैसे वाया!! (आमचे गेले.)

डॉक्टर सहसा आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, सीलिअॅक (गव्हामुळे आतडं बिघडतं तो आजार) बघतात, मुलींमध्ये टर्नर सिंड्रोमसाठी (एक X क्रोमोसोम नसतो किंवा अर्धवट असतो तो जन्मजात आजार) क्रोमोसोमची टेस्ट, डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय, आणि आयजीएफ-१. मग स्टिम्युलेशन टेस्ट, म्हणजे औषध देऊन ग्रोथ हार्मोन किती सुटतं ते बघायचं. उपाशीपोटी क्लोनिडिनची गोळी देऊन दर अर्ध्या तासाने रक्त, बीपी उतरतं, पोर पेंगतं, अख्खी सकाळ जाते, डबा घेऊन जा. दोन वेगळ्या औषधांनी केलेल्या दोन्ही टेस्ट कमी आल्या तरच बहुतेकदा कमतरता म्हणतात, मग पिट्युटरीचा एमआरआय.

ग्रोथ हार्मोन कमी असलेली मुलं बुटकी असली तरी बांधा प्रमाणात असतो, चेहरा बाळासारखा, पोटाशी थोडी चरबी, आणि जन्माच्या वेळी उंची-वजन बहुतेक नॉर्मल. तान्ह्या बाळाची साखर सारखी उतरत असेल तर तीही खूण असू शकते. मोठ्यांनाही होतं हे, बाळंतपणात खूप रक्त गेलं तर पिट्युटरी सुकू शकते, मग दूध येत नाही, पाळी येत नाही, थकवा जात नाही.

उपचार म्हणजे सहसा रोज रात्री पेनसारख्या सुईने ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन, मांडी, पोट, कुल्ला अशी जागा बदलत, नाहीतर तिथे खड्डे पडतात. आमच्या सासूबाई घाबरलेल्या, पण तो धोका जुन्या हार्मोनचा होता: १९८५ पर्यंत हे हार्मोन मेलेल्या माणसांच्या पिट्युटरीतून काढायचे, त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला, त्यानंतर लॅबमध्येच बनवलेलं वापरतात. पोराला मेस्सीचं सांगा, तो लहानपणी स्वतःच्या पायात सुई टोचून घ्यायचा, आमच्याकडे हे एकच वाक्य चाललं. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त फरक दिसतो. डोस वजनावर असल्यामुळे पोर वाढलं की खर्चही वाढतो, हाडांची टोकं जुळून वाढ थांबेपर्यंत हे चालतं, हिशेब आधीच करा. उंची वाढवायच्या पावडरी आणि दांड्याला लटकणं यातलं काहीही हार्मोनची जागा घेत नाही. इंजेक्शन चालू असताना पोर लंगडायला लागलं किंवा डोकं दुखून अंधुक दिसलं तर लगेच फोन करायचा.

पेन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत, फ्रीजरजवळ अजिबात नाही, गोठलं की फेकायचं. गावाला जाताना बर्फाचा पॅक टॉवेलात गुंडाळून मग पेन ठेवा. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल डोस देऊ नका.