बायपोलरमधलं नैराश्य: घरच्यांनी या चुका टाळा

आमच्या धाकट्या दिरांना बायपोलर, म्हणजे मन कधी अतिउत्साहात चढतं तर कधी नैराश्यात उतरतं असा आजार, आहे हे कळायला सहा वर्षं लागली. त्यातली निम्मी आम्ही त्यांच्यावर रुसण्यात घालवली.

गणपतीला घर भरलेलं आणि भाऊजी वरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. आरतीला हाक मारली की ‘आलो’ म्हणायचे आणि यायचे नाहीत. मी चहा नेऊन ठेवायचे. तासाभराने कप तसाच, वर साय धरलेली. सगळ्यांनी ठरवून टाकलं की यांच्या मनाला काहीतरी लागलंय, म्हणून अबोला धरलाय. पहिली चूक हीच. अबोला धरायलाही अंगात जोर लागतो. या नैराश्यात बरेच जण दहा-बारा तास झोपूनही थकलेले असतात, हातपाय जड होतात, साध्या मेसेजला काय लिहावं ते सुचत नाही. मग उत्तर राहिलं याची लाज वाटते, आणि लाजेपोटी पुढचाही फोन उचलला जात नाही.

‘कसं वाटतंय?’ असं सारखं विचारू नका. त्याला उत्तर द्यावं लागतं. ‘भाऊजी, ताट झाकून ठेवलंय, मी खालीच आहे’ याला द्यावं लागत नाही.

दुसरी चूक माझ्या नवऱ्याची. ‘मार्चमध्ये रात्र रात्र जागून दुकानाचे हिशेब लावत होतास, आता काय झालं?’ पण मार्चमधली ती तडफही आजारच होती! तीच खरी तब्येत धरली की आजचा माणूस आळशी दिसतो, आणि त्याला स्वतःलाही तसंच वाटायला लागतं.

डॉक्टरांकडे आमची सगळ्यात मोठी चूक झाली. चढत्या काळात माणसाला आपण ठणठणीत आहोत असंच वाटतं, दवाखान्यात तो उतरणीला जातो. आम्हीही फक्त उदासी सांगितली. तीन तास झोपूनही ताजेतवाने असायचे, भराभर बोलायचे, उसनवारी करून नसते माल भरायचे, हे सांगायचं राहिलं. असे सलग चार दिवस गेले असतील तरी सांगा. कारण बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी काहींना उलट मॅनियाकडे, म्हणजे त्या बेफाम चढाकडे, ढकलते. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून तीच पाकिटं आणणंही नको.

लिथियम, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारं औषध, चालू असेल तर आमच्या सासूबाईंसारखा निर्जळी एकादशीचा आग्रह धरू नका. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. जुलाब-उलट्यांत, काही वेदनाशामक गोळ्यांनीही. हात जास्त थरथरू लागले, तोल जायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

चिडचिड झाली तर? नैराश्यातही माणूस खेकसतो. भाऊजी एकदा माझ्या मुलीवर असे ओरडले की ती आठवडाभर वर गेली नाही. आजार आहे म्हणून मुलांनी सगळं सोसावं असं मला वाटत नाही. तेव्हा मुलीला बाजूला घेतलं, आणि ते सावरल्यावर शांतपणे सांगितलं. पण मन खचलेलं आणि अंगात मात्र अस्वस्थ तरतरी, झोप नाही, येरझाऱ्या, असं दिसलं तर तो नुसता स्वभाव समजू नका. अशा मिश्र अवस्थेत आत्महत्येचा धोका वाढतो. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आता आमच्या फ्रिजवर एक कागद आहे, भाऊजींनी बरे असताना स्वतः लिहिलेला. तीन दिवस फोन उचलला नाही तर डॉक्टरांना कोणी कळवायचं, दुकानाची किल्ली कोणाकडे, राजीनामा किंवा मोठा व्यवहार काढला तर कोणी थांबवायचं. शेवटची ओळ: ‘आत्याला सांगा पोट बिघडलंय.’

आत्यांनी गेल्या दिवाळीत त्यांच्यासाठी दोन किलो ओवा पाठवला.