दीपमाळ आणि कातळकडा: माइनक्राफ्टमध्ये लाव्हा ओतण्याआधीची तयारी

माइनक्राफ्ट या ब्लॉक म्हणजे ठोकळे रचायच्या खेळात हा देखावा उभारायचा तर आधी जागा ठरवा. कोकणातल्या देवळाचं अंगण, त्यात जांभ्याची दीपमाळ, मागे समुद्राकडे उतरणारा काळा कडा आणि त्यावरून ओघळणारा लाव्हा, एवढा देखावा एका नकाशात पुरे. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी मात्र इथे नको. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून पसरत आला, त्यामुळे कड्यातल्या चिरेतून निघालेला ओघळच या भूमीला शोभतो. रंगाचा क्रमही नीट लावा. जांभा हा बेसॉल्ट झिजूनच तयार होतो आणि सड्यावर, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावर, तो वर असतो, काळा कातळ खाली. बरेच जण नेमकं उलटं करतात.

जांभ्यासाठी साधा टेराकोटा तीन भाग आणि ग्रॅनाइट एक भाग मिसळून ठेवा. नुसत्या टेराकोटाची भिंत कुंडीसारखी गुळगुळीत दिसते. कड्यासाठी ब्लॅकस्टोन, बेसॉल्ट आणि थोडा टफ, हे तिन्ही खेळातले गडद दगडी ब्लॉक. दीपमाळेचा हिशोब असा: खालचा चौथरा ७×७, त्यावर ५×५, मिळून ७४ ब्लॉक. त्यावर ३×३ चा खांब, १२ थर उंच, मधला एक ब्लॉक पोकळ. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या थरात चारही बाजूंच्या मधोमध लोखंडी जाळी बसवायची, म्हणजे १६ जाळ्या. सहा लोखंडी विटांत (इनगॉट) बरोबर तेवढ्याच होतात. उरलेल्या खांबाला ८० ब्लॉक आणि वरच्या झाकणाला ९. एकूण १६३, म्हणजे ६४ चे तीन गठ्ठे आणले की तुटफूट धरूनही भागतं. प्रत्येक जाळीच्या एक थर खाली बाहेरून उलटी पायरी लावली की पणती ठेवायचा हात बाहेर आल्यासारखा दिसतो. त्या १६ पायऱ्या वेगळ्या मोजा.

काच न वापरता जाळी का, तर लाव्हा जाळीतून पुढे सरकत नाही, पण उजेड जातो आणि आतला प्रवाह हलताना दिसतो. लाव्ह्याचा उजेड १५, म्हणजे खेळातली कमाल पातळी; जाळीच्या ब्लॉकमध्ये १४ आणि लगेच बाहेर १३. अंगणात वेगळे दिवे लावायची गरज उरत नाही. लावलेच तर दीपमाळेची शान जाते.

पोकळीत बारा बादल्या ओतत बसू नका. बाराव्या थरात एक बादली ओतली की लाव्हा आपोआप तळापर्यंत उतरतो. जमिनीवरच्या जगात तो दर ब्लॉकला दीड सेकंद घेतो, म्हणजे अकरा ब्लॉक उतरायला साडेसोळा सेकंद. तेवढ्यात खाली उजेड आला नाही तर पोकळीत मातीचा एखादा ब्लॉक राहून गेलाय असं समजा. गळती तपासायची ती दोनच ठिकाणी: सर्वांत वर, जिथे स्रोत म्हणजे बादलीने ओतलेला मूळ ब्लॉक आहे, आणि सर्वांत खाली, जिथे धार टेकते. मधल्या थरात फट राहिली तरी पडता लाव्हा बाजूला वळत नाही. मात्र त्या फटीतून आग बाहेर जाऊ शकते.

आगीचं गणित तर नीट समजूनच घ्यायला हवं, कारण देखावे बहुतेक त्यातच जातात. लाव्हा स्वतः लाकडाला भिडला पाहिजे असं नाही. तो आपल्या वरच्या दोन थरांत, बाजूला दोन ब्लॉकपर्यंतची रिकामी जागा निवडतो आणि तिच्या शेजारी जळाऊ वस्तू असेल तर तिथे आग लावतो. तिरकाही जातो. म्हणून दीपमाळेचं झाकण पूर्ण नऊ ब्लॉकचं हवं आणि खांबाचे कोपरे भरलेले हवेत. देखणेपणासाठी कोपरे मोकळे सोडलेत, की शेजारचा माड पेटलाच. उघड्या लाव्ह्यापासून झावळ्या, लाकडी पडवी आणि लोकर बाजूला चार ब्लॉक आणि वरही चार ब्लॉक लांब ठेवा. लाकूडकाम जवळच हवं असेल तर नेदर या खेळातल्या पाताळातलं क्रिमसन किंवा वॉर्प्ड लाकूड वापरा, ते पेटत नाही.

कड्यावरच्या ओघळासाठी नऊ ब्लॉक उंच कडा, त्यात एक खोल आणि दोन रुंद खाच. वर दोन स्रोत. त्यांच्या मागे आणि दोन्ही कडेला दगड हवा, नाहीतर लाव्हा सड्यावर तीन ब्लॉकपर्यंत पसरतो. पायथ्याशी एक ब्लॉक खोल खड्डा केला की धार तिथेच थांबते. समुद्र आणि खड्डा यांच्यामध्ये दगडाची एक अखंड रांग ठेवा, तेवढी पुरते, कारण तिरका स्पर्श चालतो. पाणी सरळ भिडलं तर स्रोताचा ऑब्सिडियन (काळा काचदगड) होतो आणि वाहत्या लाव्ह्याचा कॉबलस्टोन (खडबडीत दगड). लाव्हा वरून पाण्यात पडला तर साधा दगड. खड्ड्याच्या काठाला मॅग्मा ब्लॉक मधूनमधून बसवा, त्याचा उजेड ३ असल्याने निवत चाललेली कड छान दिसते. पाण्याखाली मात्र तो टाळा. त्याचे बुडबुडे होडीला खाली ओढतात. वाफेसाठी दगडांत एक कॅम्पफायर (शेकोटी) लपवा, धूर दहाएक ब्लॉक चढतो. त्याखाली गवताची पेंढी ठेवल्यास दुपटीहून वर जातो, पण पेंढी जळाऊ आहे, तिला चार ब्लॉकांचा नियम लागू.

बादल्या: दीपमाळेला एक, कड्याला दोन, आणि खड्डा स्थिर लाव्ह्याने भरायचा असेल तर आणखी दोन. प्रत्येकीला तीन लोखंडी विटा, म्हणजे पंधरा. रिकाम्या बादल्या सोळाचा गठ्ठा होतात, भरलेल्या होत नाहीत, तेव्हा खिशात पाच जागा मोकळ्या ठेवा. लाव्हा खोल गुहांत उंची उणे ५४ च्या खाली सापडतो. घरीच हवा असेल तर स्रोताखाली एक ब्लॉक, त्याला लटकता ड्रिपस्टोन (टोकदार लवणस्तंभ) आणि खाली कढई. सरासरी वीसेक मिनिटांत एक कढई भरते.

ओतण्याआधी जगाची प्रत काढा. पावसाळ्यात वीज ज्या दिवशी जाते, नेमकी त्याच दिवशी प्रत काढलेली नसते. अग्निरोधक काढाही जवळ असू द्या, तो तीन मिनिटं टिकतो. चुकलंच तर वाहत्या भागावर दगड रचत बसू नका. रिकाम्या बादलीने स्रोत उचला आणि खालचा प्रवाह आटेपर्यंत थांबा.