बेळगावच्या खानापूर भागात शाळेत नि गावात वन्यजीवांवर कार्यक्रम घ्यायचा असेल तर

पहिलं सांगतो, वाघाच्या फोटोनं सुरुवात करू नका. मी आधी तेच करायचो. जांबोटीकडच्या एका शाळेत लॅपटॉप प्रोजेक्टर सगळं घेऊन गेलो, पोरं छान बघत बसलेली, आणि नातवाला न्यायला आलेली एक आजी दारातूनच म्हणाली, "वाघाचं राहू दे बाळा, आमच्या भाताचं सांग, रातभर राखणीला माळ्यावर बसतोय आम्ही." तेव्हापासून कुठल्या पण गावात गेलो की आधी नुकसानीचं ऐकून घेतो, प्राण्याचं नंतर. ज्याचं पीक हत्तीनं तुडवलंय त्याला हत्ती वाचवा म्हणून सांगायला तोंड पाहिजे की नको?

म्हणून कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर एक चक्कर मारा, गावातल्या कुणाला तरी घेऊन बांधाबांधानं फिरा, यंदा काय काय आलं विचारा, हत्ती, गवे, डुकरं, अस्वल, कुठल्या बाजूनं आले, किती वाजता. हेडमास्तरांशी नि एसडीएमसीच्या म्हणजे शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांशी बोला, आरएफओ म्हणजे फॉरेस्टच्या रेंजर साहेबांना पत्र द्या आणि ते कन्नडमध्येच लिहून न्या, काम लवकर होतं. त्यांनाच विचारा की चिण्णर वन दर्शनमधून पोरांना जंगलात नेता येईल काय, फॉरेस्ट खात्याची ही योजना शाळेच्या पोरांसाठीच आहे.

तारखेचं पण बघा. वन्यजीव सप्ताह २ ते ८ ऑक्टोबर, पण आपल्याकडं दसऱ्याची सुट्टी बहुतेक त्यातच येते, आणि पुढं सुगी लागली की गावात माणूस घावत नाही. सप्टेंबरचा शेवट बरा, भात पिकायच्या आधी, कारण हत्तीचा त्रास खरा तेव्हापासूनच सुरू होतो.

वर्गात फळ्यावर दोन रकाने करा, एकात मराठी एकात कन्नड. हत्ती आने, अस्वल करडी, बिबट्या चिरते, वटवाघूळ बावली. पोरांना दोन्ही येतंच, ओरडून सांगतात, आणि उद्या फॉरेस्टचा गार्ड गावात आला तर त्याच्याशी नीट बोलता येतं.

मग ठसे. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत जाऊन ठसा शोधायचा, भोवती पुठ्ठ्याचं कडं लावायचं, दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी, पातळ कालवून हळूच ओतायचं, अर्धा तास थांबायचं. बहुतेक वेळा कुत्र्याचाच निघतो आणि तेच कामाचं आहे, कारण कुत्र्याच्या ठशात पुढं नखं उमटतात, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो त्यामुळं त्याची उमटत नाहीत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ कोर्सकडं बिबट्या दिसला, कितीतरी शाळा बंद ठेवल्या, तेव्हा मला लोक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारायचे आणि त्यातले बरेच ठसे नखांचे होते. सातवीच्या पोराला हे कळलं तर घरातली अर्धी भीती जाते.

अस्वलावर मात्र वेळ द्या, आपल्याकडं माणसाला खरा धोका त्याच्याकडून. अस्वल वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत असतं, आवाज करत, त्यामुळं त्याला माणूस आलेला कळतच नाही आणि एकदम जवळ दिसला की घाबरून अंगावर येतं, त्यात पाठीवर पिल्लं असली तर जास्तच. हे सांगू नका, करून दाखवा. एक पोर टोपलीत डोकं घालून सूं सूं करत बसलंय, दुसरी गुपचूप जातात आणि ते दचकतं, मग तीच पोरं गप्पा मारत टाळ्या वाजवत येतात आणि अस्वल लांबूनच उठून जातं. एका चौथीच्या पोरीनं घरी जाऊन बापाला सांगितलं की काजूच्या दिवसात उजाडल्याशिवाय बागेत जायचं नाही आणि जाताना मोठ्यानं बोलत जायचं. मला बापानंच सांगितलं हे.

शेवटची १० मिनिटं बारापेडेच्या वटवाघळाला. आपल्या भीमगड अभयारण्यात, तळेवाडीच्या बाजूला बारापेडे गुहा आहेत, तिथल्या वटवाघळावरून १९१३ साली ही जात जगाला कळली, पुढं कितीतरी वर्षं जगात दुसरीकडं कुठं माहीतच नव्हती, नंतर मेघालयात नि कंबोडियात सापडली. कान एवढे मोठे की चेहऱ्यावर पुढं येतात. पोरांना म्हणा कागदाचे कान करून लावा. पण गुहेकडं ट्रिप काढू नका, हात जोडून सांगतो, टॉर्च नि गोंगाटानं ती जागा सोडून जातील, मग परत कुठून आणायची?

गावची मीटिंग संध्याकाळी, देवळात भजनाच्या आधी किंवा बायकांच्या संघाच्या दिवशी ठेवा. गणपतीत मांडव मिळाला तर सोन्याहून पिवळं. तिथं गार्डला बोलवा आणि नुकसानभरपाईचं त्याच्याच तोंडून सांगायला लावा, पीक काढायच्या आधी फोटो, उतारा, पासबुक, आणि जमलं तर दोघा-तिघांचे अर्ज तिथंच भरून घ्या. त्यानंतर कुंपणात लाईटची तार सोडू नका म्हणून सांगितलं तर लोक ऐकतात, आधी सांगितलं तर उठून जातात. तार फक्त हत्तीला मारत नाही, पहाटे पाणी सोडायला गेलेल्या शेजाऱ्याला पण मारते हे स्पष्ट बोला. आणि जंगलात राहणाऱ्या गवळी-धनगरांना गुन्हेगार केल्यासारखं बोलू नका, देवराई त्यांच्यासारख्या लोकांनीच राखली.

निघताना शाळेत एक साधी दोनशे पानी वही ठेवा, तारीख, जागा, काय दिसलं, कुणी बघितलं. महिन्यानं परत जाल तेव्हा भाषण नको, सरळ वही मागा आणि पोरांसोबत बसून वाचा.